सातव्या प्रश्नातलं पाणी

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, निवड समितीचे मान्यवर सदस्य आणि ज्यांच्या सोबतीनं या रुग्णालयात माझी उभी हयात गेली ते माझे सहकारी,

माझ्या निवृत्तीच्या दिवशी एवढं चांगलं बोललात, संकोचून गेलो. मदतनिसांच्या परीक्षेत लेखी प्रश्नांऐवजी ॲनिमेशनचे व्हिडिओ मी आणले, याचं तर फारच कौतुक झालं. का आणले? सहा नंबर वॉर्डातल्या मावशींसाठी. अकरा वर्षं हंगामी. माझ्या आईला शेवटचे तीन महिने त्यांनीच सांभाळलं. पण लांबलचक प्रश्न वाचेपर्यंत त्यांचा वेळ संपायचा, दोनदा नापास झाल्या. माणूस जपणाऱ्या बाईला वाचनाच्या वेगावर कशाला जोखायचं, म्हणून मी भांडलो. अधीक्षक साहेबांना आठवत असेल, त्यांचा चहा सांडला होता.

यंदा व्हिडिओ आले. सातव्या प्रश्नात एक आजोबा पलंगावरून उतरू बघतात. मदतनिसानं काय करावं? माझ्या कागदावर उत्तर होतं, हात धरून चालवावं. चित्रकारानं खोली ओकीबोकी दिसू नये म्हणून लवंडलेला पेला काढला, फरशीवर पाणी काढलं. मी व्हिडिओ पाहिलाच नाही. उत्तरसूची जुन्या कागदावरून केली. ज्यांनी पाणी बघून आजोबांना पलंगावरच थांबवलं, त्या एकोणीस जणी नापास झाल्या. रुग्णाच्या सुरक्षेचा हा एक प्रश्न चुकला की बाकीचा पेपर तपासायचा नाही, हा नियमही माझाच.

काल मावशी आल्या. म्हणाल्या, "साहेब, खाली पाणी होतं. म्हातारं माणूस घसरलं असतं. माझं काय चुकलं?" मी तेव्हा कुठे व्हिडिओ उघडून पाहिला.

महोदया, कालपासून मी समितीकडे तीन अर्ज केले. निकाल लागला, आता घोळ नको, असं उत्तर आलं. हंगामी जागा आज संपतात, उद्यापासून मावशींना काम नाही. वॉर्डात येतील त्या, ज्यांना पाणी दिसलं नाही. त्या पलंगावर उद्या आपलंच कुणी नसेल कशावरून?

माझा अधिकार आज पाच वाजेपर्यंत. दुरुस्तीच्या पत्रावर मी सही केली आहे, आपली राहिली आहे. माझ्याकडे दुसरा उपाय उरलेला नाही, हात जोडतो.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. सातव्या प्रश्नाची चूक मात्र पदरात घेऊ नका. पत्र आपल्या पुढ्यात ठेवलं आहे. सही होईपर्यंत मी इथून उतरणार नाही.