पंख्याखालची खुर्ची

…नाही हो, मी कशाला चिडू? चिडायची ताकद तरी राहिली पाहिजे की अंगात! सगळी घामावाटं गेली. तुमी बसा निवांत, मी सांगते. आमच्या जिंतूरच्या कचेरीत माणसं सात, टेबलं सात, अन् पंखा किती? एक! तोबी निजामाच्या काळातला. निजाम गेला, हैदराबाद गेलं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण पंखा काही जागचा हलला नाही. बटण दाबलं की आधी खाकरतो, मग थरथरतो, अन् मग सुटतो तो सुटतोच! हळू नाही, मध्यम नाही. एक तर बंद, न्हाई तर वावटळ!

अन् त्या पंख्याच्या बरोबर खाली कोण? तर आमचे हेडक्लार्क, व्यंकटराव. धिप्पाड माणूस. पाय लांब सोडून, सदऱ्याची वरची दोन बटणं काढून, डोळे मिटून असे बसायचे, जसं काही महादेवाच्या पिंडीवर अभिषेक चाललाय. अन् मी? मी टायपिस्ट. माझी जागा पश्चिमेच्या भिंतीला. त्या भिंतीला दुपारी भाकर थापली तर पापुद्रा येऊन खाली पडेल, खोटं नाही सांगत! टायपरायटरच्या कळा तापायच्या, बोटाला चटके बसायचे. कपाळाचा घाम थेट कागदावर टप… की ‘मा. महोदय’ मधला महोदय गेला वाहून! मग साहेब बोलावणार. “बाई, हे काय? रडत रडत टाइप करता का तुम्ही?” मागच्या वैशाखात तर चक्कर येऊन मशीनवरच डोकं ठेवलं मी, तर आमचा शिपाई आश्रुबा काय म्हणावा? “बाईला झोपू द्या जरा, लय काम पडायलंय त्यायला.”

म्हणजे कसं, हवा त्यांना, घाम मला!

पण मी गुमान होते. का? तर कचेरीचा रिवाज! पंख्याखालची खुर्ची सगळ्यात जुन्या माणसाची. अन् व्यंकटरावांच्या मागं जुनी कोण, तर मी. म्हणलं, जातील की कधी तरी रिटायर. कैक उन्हाळे काढले हो मी त्या आशेवर! घरी आमचे हे म्हणायचे, “बदली तरी मागून बघ.” मी म्हणायची, “येडे झालात का काय? आता पंखा जवळ आलाय!”

अन् झाले एकदाचे रिटायर. हार घातले, शाल दिली, पेढे वाटले. मी तर भाषणबी केलं. “व्यंकटरावांची उणीव आम्हाला पदोपदी भासेल…” बोलताना डोळे पाणावले माझे. लोकांना वाटलं, दुःखानं! माझी नजर त्यांच्या डोक्यावरून वर, पंख्याकडं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावून, ठेवणीतली साडी नेसून पोचते तर काय… खुर्चीत व्यंकटराव! पाय लांब, बटणं काढलेली, डोळे मिटलेले!

म्हणलं, “अगंबाई, तुमी? काही राहिलं का?”

“नाही हो बाई. बाजारात आलो होतो. उन्हाचं जरा टेकलो. ऊन उतरलं की निघतो.”

आता मला सांगा, आमच्या परभणी जिल्ह्यात ऊन उतरतं कधी? पाडव्याला चढतं ते मिरगालाच उतरतं! हे आपले रोज येणार, कचेरी उघडायच्या आधी पायरीवर हजर. नोकरीत असताना कधी वेळेवर आले नाहीत हो! घरी पंखा नाही म्हणावं तर तसंबी नाही. “आहे की,” म्हणाले, “पण त्याच्याखाली सुनबाईचं शिवणयंत्र आहे.” अन् उठवणार कोण? साहेब नवे. बाकीचे सगळे त्यांच्या हाताखाली शिकलेले. मी कशी म्हणू, मोठ्या माणसाला, की उठा? संस्कार आडवे येतात ना! हवा त्यांना, घाम मला… अन् संस्कारबी मलाच!

मग एकदा देव पावला. व्यंकटराव भाच्याच्या लग्नाला पालमला गेले. मी आश्रुबाला म्हणलं, “आश्रुबा, उचल!”

“काय उचलू, बाई?”

“टायपरायटर! ठेव व्यंकटरावांच्या टेबलावर.”

एस.टी.च्या खिडकीतून शीटवर रुमाल टाकतात की नाही? तसा मी टायपरायटर टाकला! रुमाल फेकून देणारे बेइमान असतात, पण हे बिडाचं धूड कोण फेकतंय? आश्रुबानं उचललं, कमरेत लचक भरली, पण ठेवलं. मी बसले. ऐटीत, अगदी तहसीलदारीण बसावी तशी. अन् म्हणलं, “लाव बटण!”

आश्रुबानं बटण लावलं…

काय सांगू तुमाला! मसुदा एकीकडं, कार्बन दुसरीकडं, कोरे कागद भिरभिर भिरभिर… एक जाऊन साहेबांच्या दाराला चिकटला, एक आश्रुबाच्या तोंडाला! मी अशी दोन्ही हात पसरून टेबलावर पालथी पडले. आता हातानं कागद धरावेत का टाइप करावं? नाकानं टाइप करू? अन् तेव्हा, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं व्यंकटरावांचे कागद का उडाले नाहीत? अहो, त्यांच्या टेबलावर कागदच कुठं असायचा!

पण मी हरते होय? आश्रुबाला म्हणलं, वजनं आण. तो चारठाण्याचा, जुन्या देवळांच्या गावचा. रविवारी गावी गेला अन् येताना पिशवीत दगड घेऊन आला. काळेभोर, गुळगुळीत. मी विचारलं, “आश्रुबा, देवळाचे तर न्हाई ना रे उचलले?”

“न्हाई वो बाई, ओढ्यातले हायेत. माय शपथ!”

बरं म्हणलं. दोन दिवस लय सुखाचे गेले. वर वारा, खाली दगड, मधी मी. तिसऱ्या दिवशी खेड्यातली एक म्हातारी अर्ज द्यायला आली, धुरपताबाई तिचं नाव. आली, टेबलासमोर चप्पल काढली, अन् मधल्या मोठ्या दगडाला हात लावून नमस्कार केला! म्हणलं, “मावशी, दगड हाय तो.” तर म्हणते कशी, “सगळे देव दगडाचेच असतेत, माय.” चौथ्या दिवशी दगडावर कुंकू. पाचव्या दिवशी जास्वंदाचं फूल, अन् आता तर लोक आधी दगडाच्या पाया पडतात, मग साहेबाकडं जातात. मी दगड उचलून कागदावर ठेवायला गेले तर आश्रुबाच ओरडला, “बाई! देवाला कामाला लावता का?” अरे, तूच आणलास ना ओढ्यातून! मग काय, देवाला, अन् त्याच्या संगं बाकीच्या दगडांनाबी, उचलून कपाटावर बसवलं. कपाटावर! तिथंबी बरोबर पंख्याचं वारं लागतंय बघा. म्हणजे देवाला हवा, अन् घाम मला!

अन् नेमकं त्याच दिवशी साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला मसुदा दिला. “बाई, पाचच्या एस.टी.नं परभणीला गेलाच पाहिजे. हा गेला नाही तर तुम्ही उद्यापासून परत भिंतीकडं.” भिंतीकडं! पंखा बंद केला तर बाकीचे सगळे खवळतात, चालू ठेवला तर… गेला! मसुदा खिडकीतून गेला, माझ्या डोळ्यादेखत! मी पदर खोचून मागं. खाली लिंबाच्या झाडाखाली चहाची टपरी, अन् टपरीवर कोण, तर पालमहून परतलेले व्यंकटराव. टेबलावर टायपरायटर बघून बिचारे आत आलेच नव्हते, बाहेर धापा टाकत बसले होते. मसुदा बरोबर त्यांच्या पोटावर येऊन पडला, अन् त्यांनी वर पंजा ठेवला, थाप!

आत आले. कागद टेबलावर ठेवला, वरचा हात काही काढला नाही. “टेकू का जरा?” म्हणाले. माझ्या समोर स्टूल ओढलं, दोन्ही कोपरं कागदांच्या ढिगावर ठेवली… अन् तुमाला सांगते, एक कागद हालला असेल तर शपथ! वर वावटळ, खाली व्यंकटराव. मी खटाखट टाइप केलं, पाच वाजायच्या आत पाकीट बंद!

तवापासून ते रोज बसतात. माझ्या समोर, बरोबर पंख्याखाली. मला वाऱ्याची झुळूक नाही, सगळा वारा त्यांच्या पाठीवर अडतो. परवा परभणीचे एक मोठे साहेब तपासणीला आले, म्हणले, “हे गृहस्थ कोण?” तर आश्रुबा गंभीरपणे म्हणतो, “हे व्हय? हे वजन हाय, सायेब.”

अन् काल काय झालं, लाईट गेली. पंखा बंद. कागद जागच्या जागी. मी म्हणलं, “व्यंकटराव, आता उठलात तरी चालंल. मोकळे व्हा जरा.”

“उठलो असतो हो बाई,” म्हणाले, “पण अचानक लाईट आली म्हंजे?”

अन् बसले तसेच, कोपरं रोवून, एवढाले घामाचे थेंब निथळायलेत… आता म्हातारा माणूस, माझ्याच कागदांसाठी बसलाय, बघवतं का? मी फाईल उचलली…

काय करणार? लागले त्यांना वारा घालायला!