माशाचा उपास

शहाद्याच्या दवाखान्यात धनुबाई नवऱ्याच्या लघवीच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर कांतीलालशेठ आणि त्यांची कॉलेजातली नात शिखा हलक्या आवाजात बोलत होते. धनुबाईचे कान आपोआप तिकडे लागले.

"दादाजी, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाही, हे डॉक्टरांना खरं सांगा."

"मन्हा बापना नेम शे तो."

"मूत्राशयात खडे झालेत. लघवीतून रक्त जातंय."

"जाऊ दे. नेम तो नेम शे."

"मग माझ्या टाकीतल्या माशाचा उपास का मोडलात? त्याची हवेची पिशवी बिघडली होती, म्हणून तो उलटा तरंगत होता. उपाशी ठेवा, सुधारेल, असं दुकानदार म्हणाला होता. तुम्ही गुपचूप दाणे टाकलेत."

"उलटा पडीसन बी मन्हाकडे देखी ऱ्हायना व्हता, बेटा. भुक्या जीव. माले देखायनं नही."

"सकाळी मेला तो. आणि रात्री तुम्ही पोट धरून कण्हता, ते मला बघवतं का, दादाजी?"

आतून कांतीलालशेठचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत. धनुबाईने मान फिरवली, तरी ऐकू आलंच.

"रातले पाणी तूच देजो, बेटा."