सत्काराचं पक्कं स्टेज

तुमाला माझ्या पदकाचं कौतुक, पण मला अजून त्या वाळूची हळहळ हाय, राव! बीच व्हॉलीबॉल खेळायचं, तर आमच्या पिंपरी पेंढारला समुद्र कुठला? म्हणून वडलांनी, आमच्या आण्णांनी, घरामागं चार ट्रॉली वाळू पसरली. तिच्यातच पडत-धडपडत मी शिकले, अन् आमची दोघींची जोडी राज्यात पहिली आली.

पदक घेऊन ओतूरला एसटीतून उतरले, तर आण्णा हलगीवाले घेऊन हजर! वाजतगाजत घरी आले, बघते तर मागं वाळूच नाय.

"आण्णा, वाळू कुठंय?"

"तुझ्या सत्काराला पक्कं स्टेज बांधलं की! सगळी त्यातच गेली."

"आवं, पुढल्या महिन्यात देशाची स्पर्धा हाय!"

आण्णा फेटा सावरत म्हणाले, "आता परत कशाला खेळायचं? जिंकलीस न्हवं!"