बांधावरचा भुंगेरा

१९८७च्या ऑगस्टातल्या त्या सकाळी नळदुर्गच्या सोसायटीचे दुकान साडेनऊला उघडले. कीटकनाशक भुकटीसाठी आम्ही अकरा जण रांगेत होतो. माझ्यापुढे बलभीम नावाचा शेतकरी उभा होता. शेजारचे रान कसणारी त्याची भावजय मुक्ताबाई काचेची बरणी घेऊन त्याला गाठायला आली.

"भावजी, बांधावर भुकटी मारू नका."

"वैनी, त्यो पट्ट्याचा भुंगेरा माज्या सूर्यफुलावर बसतोय!"

"बसतोय. खातोय का?"

"आता त्याच्या तोंडात बघत बसू का म्या?"

"म्या बसले की. तीन दिस बरणीत कोंडलाय. सूर्यफुलाचं पान हाय तसं हाय, गाजरगवताची निस्ती काडी राहिली."

"घ्या! किड्याचा बी पाहुणचार करा."

"करीन. दोन वर्सं त्या गवतानं हात सुजत व्हते, भाकरी थापता येत नव्हती. औंदा ह्यानं बांध साफ केला. हे बघा हात."

"पाऊस न्हाय. एवढं एकच पीक उभं हाय वैनी. तेबी गेलं तर?"

"म्हनून तर बरणी आणली. तुमच्याच घरी ठेवा, रोज ताजं पान टाका. सूर्यफूल खाल्लं तर म्या सोता भुकटी मारते."

"लई हट्टी बाई तुमी!"

"व्हय. धरा आता, हात दुखला."

"अहो, पाळी आली तुमची," मी म्हणालो.

बलभीमने मला पुढे जाण्याची खूण केली, बरणी दोन्ही हातांत घेतली आणि तो भावजयीमागोमाग एसटी स्टँडकडे चालू लागला.