कमलावहिनींच्या माहेरची बाजरी

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या संशोधन केंद्राच्या प्रमुख आदरणीय भार्गवीताई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आपले रघुनाथ आगाशे सर, आणि हातातली कामं टाकून सावर्ड्याकडून आलेल्या माझ्या शेतकरी भावाबहिणींनो,

मी आप्पा शिगवण. चार गुरं आणि वहाळाकाठचं एक भातखाचर, एवढीच माझी विद्वत्ता. सरांचा बाजरीचा प्रयोग माझ्या खाचरात झाला, म्हणून हा माईक माझ्या हाती आला. ताईंनी पाच मिनिटं दिली आहेत. एवढ्यात म्हशीची धारसुद्धा होत नाही, पण बघतो.

आता कोणी म्हणेल, कोकणात बाजरी? मीही तेच विचारलं होतं. "सर, डोकं ठिकाणावर आहे ना?" सर हसले. "आप्पा, भात निघालं की खाचर रिकामं आणि उन्हाळ्यात गुरं पेंढ्यावर. बाजरी आली तर दाणा तुला, सरमाड गुरांना." सरमाड म्हणजे बाजरीची वैरण, हे मला तेव्हा कळलं. घाटावरचे सहा-सात गावठी वाण त्यांनी शेजारी शेजारी पेरले. दाणा कोण जास्त देतो, सरमाड कोणाचं चांगलं, हे तीन उन्हाळे बघायचं होतं.

त्यातला एक वाण सरांच्या पत्नी कमलावहिनींचा, माण तालुक्यातल्या त्यांच्या माहेरचा. कणसावर ही एवढाली कुसळं! बाकीच्या बाजरीवर पोपट तुटून पडायचे, हिच्यापाशी आले की तोंड वाकडं करून उडायचे. वहिनी बांधावरून मला चिडवायच्या, "बघा भावजी, आमची बाजरी तुमच्या पोपटांना भीक घालत नाही!" पण माहेरी भावाने संकरित बियाणं धरलं होतं, गावात हा वाण कोणी पेरत नव्हतं. "माझ्या आईच्या हातचं बी आहे, एवढं टिकवा," असं त्या सरांना सांगायच्या.

टिकवायचं सोपं नव्हतं. शेजारच्या वाणाचे पराग वाऱ्यावर आले की बाजरीचं बी मिसळतं. म्हणून कणीस पोटरीतून, म्हणजे पानाच्या गुंडाळीतून, डोकं काढतं तोच त्याला कागदी पिशवी बांधायची. त्या पिशवीतलं बी शुद्ध, तेच पुढच्या वर्षी पेरायचं. हे काम सर दुसऱ्या कोणाला करू देत नसत. वहिनींच्या डब्यात उरलेलं बी तर आमच्या पावसाळ्याच्या ओलीने केव्हाच कुजलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात, तिसऱ्या वर्षी, कणसं पोटरीत असताना वहिनी गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या आणि दुपारी माणूस नाही. काय बोलावं? आम्ही सगळे सरांच्या घरी. अशा वेळी पिशव्यांची आठवण कोणाला होते? दिवसकार्य आटोपून सर खाचरात आले, तर कणसं फुलून गेलेली. पिशव्यांचा गठ्ठा माझ्या पडवीत तसाच. सर मटकन बांधावर बसले. स्मशानात न रडलेला माणूस तिथे ओक्साबोक्शी रडला. "आप्पा, हीही गेली रे."

आणि दैव बघा! मळणी झाली, वजनं झाली. दाण्यात दुसरा, सरमाडात पहिला, वाण वहिनींचाच. लोक बी मागायला आले. मी म्हटलं, "सर, मिसळलेलं तर मिसळलेलं, द्या वहिनींच्या नावाने. कोणाला कळतंय?"

"मला कळतं, आप्पा. तिच्या आईचं बी हे नव्हे."

एकालाही दाणा दिला नाही. तेव्हा मला राग आला होता. हट्टी माणूस! पण खरा माणूस.

लोक निवृत्त झाल्यावर काशी-रामेश्वर करतात. आमचे सर उद्या सासुरवाडीला निघालेत, एखाद्या म्हातारीच्या घरात ते कुसळाचं बी उरलंय का, हे वस्ती वस्तीवर विचारायला. मेहुण्याने फोनवर सांगितलंय, "दाजी, कशाला पायपीट करताय? कोणाकडे नाही राहिलं." तरी निघालेत.

मंडळी, शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. मी गुरांशी बोलणारा माणूस, सभेत शब्द वाकडा पडला असेल तर मनात ठेवू नका. आणि सर, बी मिळालं तर खाचर तुमचंच आहे. नाही मिळालं तर तिकडे झुरत बसू नका, रिकाम्या हाताने परत या. कमलावहिनींबद्दल बोलायला आम्हाला तरी दुसरं कोण आहे?

नमस्कार.