पुढचा शॉकअप

आमच्या बाबांशी वाद घालायचा तर तोंडाने घालून उपयोग नसतो, हे मला स्कूटरमुळे कळलं. नंबर लावून कित्येक वर्षांनी आलेली ती स्कूटर, त्यामुळे सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायला बंदी. पुढचा शॉकअप इतका मऊ, की ब्रेक मारला की स्कूटरचं नाक खाली जायचं आणि आई प्लास्टिकवरून घसरून बाबांच्या पाठीवर आदळायची. घरी आली की कंबर धरून बसायची.

जोगेश्वरीच्या मेकॅनिकने कडक शॉकअप बसवायचा भाव सांगितला. बाबा म्हणाले, "एवढ्यात महिन्याचा किराणा येतो. आणि कंपनीने काय विचार न करता बसवलाय?"

"मग आज मी चालवते, तुम्ही मागे बसा," मी म्हटलं. "आईसारखं, दोन्ही पाय एका बाजूला."

"बसतो की. त्यात काय एवढं?"

बोरीवली स्टेशनपर्यंत जाऊन आलो. मी एकही खड्डा चुकवला नाही, आणि प्रत्येकाशी कचकन ब्रेक मारला. सोसायटीच्या फाटकाशी आई उभी होती. बाबा उतरले आणि कंबरेवर हात ठेवून तसेच थांबले. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"तू रोज अशी बसतेस?" त्यांनी आईला विचारलं. "बोलली का नाहीस?"

"इतकी वाट बघून आणलीत. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाबांनी स्कूटर वळवली. "चल, बस. आत्ताच शॉकअप बदलून आणू."

"तुम्ही आणा बदलून," आई म्हणाली. "मग बसते."