दोन कार्डांएवढा बाक

…नाही, पण मला एक सांगा, दोन व्हिजिटिंग कार्डं म्हणजे काहीच नाही का हो? काहीच नाही? मग त्या दुरुस्तीवाल्याच्या एका बुटात घाला की दोन कार्डं, एकाच बुटात हं, आणि म्हणावं चाल आता दिवसभर! संध्याकाळी मी विचारते त्याला, नियमात बसतंय का म्हणून!

तुम्हाला सांगते, मी मुळात भांडखोर नाही. माझ्यात तेवढी हिंमतच नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो! कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरचे सर नुसते 'बसा' म्हणाले, तर मी 'सॉरी सर, चुकलं' म्हणून उभीच. अशी मी! आणि अशा माणसाच्या हातात देवाने नेमका वाकडा टॅब द्यावा? आणि ताईचा? सरळ!

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमचे बाबा सुतार. मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर घातलेला कारखाना, तिथे बाबा, ताई आणि मी. ताई गिऱ्हाइकांशी बोलते, मापं घेते, मी कपाटा-टेबलांची चित्रं काढते, बाबा बनवतात. आता बाबांची एक सवय आहे. नवी फळी आली की ती उचलायची, एक टोक डोळ्याशी धरायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने कडेवरून असं लांबवर बघायचं… बंदूक रोखल्यासारखं. मग एकच वाक्य, "बाक धरलाय." झालं! फळी बाजूला. व्यापारी शपथा घेतो, काटकोनाचा गुण्या लावून दाखवतो, पण बाबांचा डोळा तो बाबांचा डोळा.

तर ताईने बाबांचे हात घेतले, उंची घेतली, चारचौघांत खणखणीत बोलायची रीत घेतली, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर शिल्लक काय राहिलं होतं? हा डोळा! मला सगळं दिसतं हो. लग्नाच्या फोटोत नवऱ्यामुलापेक्षा मला मागचा वाकडा पडदा आधी दिसतो. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि मी म्हणते, "तुमचं कॅलेंडर डावीकडे कललंय." त्यांनी मला झोपेची गोळी लिहून दिली!

तर बाबांनी दोन टॅब आणले. एक ताईला, एक मला. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, जाडी म्हणाल तर वहीच्या पुठ्ठ्याएवढी. ताईने खोकं उघडलं, टॅब काढला, आणि लगेच, म्हणजे लगेच हं, जाडजूड काळ्या कव्हरात कोंबून बटन दाबलं. "लागला गं!" संपलं तिचं! आणि मी? मी तो डोळ्याशी धरला, एक डोळा मिटला, आणि काय! बाक! मधोमध! चार्जिंगच्या भोकापासून निघून थेट कॅमेऱ्यापर्यंत. टेबलावर ठेवला, एक कोपरा दाबला, टक. समोरचा दाबला, टक. आणि प्रत्येक टक्‌ला मी आपली दचकतेय!

"ताई, माझा वाकडा आहे."

"बघू? कुठे?"

"हे काय, दिसत नाही?"

"नाही गं. चांगला तर आहे."

चांगला तर आहे! ज्यांचा सरळ असतो ना, त्यांना सगळ्यांचंच चांगलं दिसतं!

गेले दुकानात. तिथला दुरुस्तीवाला, गळ्यात ओळखपत्र, तोंडात च्युइंगम. "मॅडम, एवढा पातळ म्हटल्यावर किंचित असणारच. आमच्याकडे लिहिलेलंय, दोन व्हिजिटिंग कार्डांच्या जाडीएवढं चालतं." असं म्हणून त्याने स्वतःची दोन कार्डं टॅबखाली सरकवली. गेली. "बघा, दोन. नियमात."

"आणि तिसरं गेलं तर?"

"तिसरं गेलं तर आणा, बदलून देतो."

मी ती कार्डं घेऊन घरी. तिसरं कार्ड शोधलं, आणि तुम्हाला सांगते, तो पूर्ण रविवार मी तिसरं कार्ड घुसवत होते. अर्धं जायचं, आणि अडायचं. मी ढकलतेय, कार्ड दुमडतंय… नाहीच! म्हणजे बघा, डोळ्याला सोसवणार नाही इतका वाकडा, आणि कोणी बदलून देणार नाही इतका सरळ! असला नेमका बाक जगात एकाच टॅबला असणार, आणि तो माझा! आणि ताईचा? सरळ!

तुम्ही म्हणाल, अगं, तू ताईचा बघितलास का? नाही बघितला. कशाला बघायचा? लहानपणापासून बघतेय मी! एकाच दुकानातून दोघींना बूट आणले, चावला कोणाला? मला. एकाच दिवशी केस कापले, कान उघडा कोणाचा पडला? माझा. वेगळा बघायला कशाला हवा? आणि खरं सांगू… हळूच सांगते… कव्हर काढून बघितला असता आणि खरंच सरळ निघाला असता, तर मी काय केलं असतं? नुसत्या संशयावर माझं कसंबसं चाललं होतं. पुराव्यावर मी जगले नसते.

बरं, ताईला कळलं, मी धुसफुसतेय. तर काय म्हणाली असेल? "अगं मग माझा घे की! मला काय, कुठलाही चालतो." ऐकलंत? कुठलाही चालतो! अशी दिलदार बहीण असली ना की माणसाने जायचं कुठे? तिने 'देत नाही जा' म्हणायला हवं होतं, म्हणजे मला दोन महिने नीट रागावता आलं असतं. घेतला असता तर आयुष्यभर 'ताईने दिलेला सरळ टॅब'. मी म्हटलं, "नको. मला चालतो माझा." आणि रात्रभर उशी चावली.

आणि नेमकं तेव्हाच मोठं काम आलं. वाचनालयात मुलांची खोली करायची होती, सगळी कपाटं, बसायच्या जागा, सगळं आमच्याकडून. ग्रंथपालबाई मंगळवारी अकराला चित्रं बघायला येणार. बाबा जेवताना म्हणाले, "दोघींनी आपापलं काढा. बाईंना जिचं पटेल, तिने हे काम पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत सांभाळायचं. मी तिच्या हाताखाली."

माझा घास तिथेच! बाबा हाताखाली! ज्या माणसाने मला अजून रंध्याला हात लावू दिला नाही, तो माणूस मला विचारणार, "पुढे काय करू गं?" मला दुसरं काही नको होतं हो. फक्त एकदा, ताईला न विचारता, मला विचारावं. एवढंच!

जीव तोडून काढलं चित्र. लाटेसारखं वळत जाणारं कपाट, मधे गोल खिडक्या, खिडकीत मूल पाय पोटाशी घेऊन वाचत बसलंय. ताई मागून डोकावली आणि हसली, "एवढा सरळ टॅबचा हट्ट, आणि चित्रात एक रेघ सरळ नाही तुझ्या!" मी दचकून टॅब छातीशी धरला. बघितलं हिने! आता ही पण खिडक्या काढणार! कारखान्याच्या कॉम्प्युटरवर सगळी चित्रं ठेवायची असतात, दोघींना दिसतात तिथे. मी ठेवलंच नाही. माझं चित्र माझ्या टॅबमध्ये, आणि टॅब माझ्या उशीखाली. उशीखालीसुद्धा टक वाजायचा!

मंगळवार उजाडला. सकाळचे दहा. चित्र तयार, म्हटलं शेवटचा हात फिरवावा. तर टॅब डुगडुगतोय. रेघ ओढतेय, टक. पुसतेय, टक. समोर ताई निवांत पाय हलवत चहा पितेय, टॅब कव्हरात, ढिम्म. आवाज नाही! आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे… म्हटलं, सुताराची मुलगी ना मी? बाक धरलेली फळी बाबा काय फेकून देतात?

बाबांची पद्धत अशी, की फळी दोन लाकडांत धरायची, क्लॅम्प लावायचा, आणि आवळायची. पण सरळ झाली की थांबायचं नाही! जरा पलीकडे न्यायची, उलट्या बाजूला, थोडीशीच. सोडली की ती आपसूक सरळवर येऊन बसते. हजार वेळा बघितलंय मी. मग काय, टॅब घेतला, खालून जुनी चादर, वरून जुनी चादर, दोन सागाच्या पट्ट्या, क्लॅम्प. अर्धा फेरा. बघितलं, एक डोळा मिटून. बाक कमी! आणखी अर्धा. सरळ! तुम्हाला सांगते, आरशासारखा सरळ! तिथे थांबले असते तर? पण नाही ना! सुताराची मुलगी! म्हटलं, आता जरा पलीकडे…

ताईने कप खाली ठेवला. नुसता कप! खट्! मी दचकले, आणि हात फिरला. अर्ध्याऐवजी अख्खा फेरा.

टक नाही झालं यावेळी. कर्र्र झालं.

सोडवला तेव्हा पडदाभर हिरव्या-जांभळ्या रेघा. माझं कपाट नाही, खिडकी नाही, मूल नाही. मी रडतेय की ओरडतेय मलाच कळेना. ताई धावत आली, बघितलं, आणि एका शब्दाने रागावली नाही हो! "रडू नकोस, अजून चाळीस मिनिटं आहेत. माझ्या टॅबवर काढ. डोक्यात आहे ना सगळं? बस!" आणि टॅब माझ्या हातात.

चाळीस मिनिटं पुष्कळ होती. चित्र तोंडपाठ होतं मला, वीस मिनिटांत झालं असतं. पण ते जाड कव्हर हाताला लागत होतं म्हणून मी ते काढलं. टॅब टेबलावर ठेवला. पेन टेकवलं.

टक.

मी म्हटलं, भास असेल. दुसरा कोपरा. टक! उचलला, डोळ्याशी धरला, एक डोळा मिटला… अहो, बाक कसला, घसरगुंडी! खिशातून कार्डं काढली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं, आणि वर हवा खेळत होती!

"ताईऽऽ! तुझा वाकडा आहे!"

"हो का? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! तीन कार्डं! माझ्यापेक्षा वाकडा!"

"असू दे गं. तू चित्र काढ ना."

"असू दे कसं? बाबाऽऽ! बाबा, इकडे या, हिचा तीन कार्डं वाकडा आहे!"

बाबा रंधा ठेवून आले, हात झटकले. "माहीत आहे. दुकानातच दोन्ही डोळ्याशी धरले होते. त्यातल्या त्यात सरळ होता, तो तुला दिला."

"मला?"

"मग? ही बघणार नव्हती. तुला सोसवलं नसतं. डोळा माझा आहे ना तुझा." आणि मग त्यांचं लक्ष त्या हिरव्या-जांभळ्या रेघांकडे गेलं. क्लॅम्प उचलला, जागेवर टांगला.

म्हणजे बघा! निवडून, पारखून, माझ्यासाठी म्हणून आणलेला सरळ टॅब मी मोडला. कशासाठी? तर ताईच्या वाकड्या टॅबवर जळून! आयुष्यात एकदा माझं ताईपेक्षा सरळ होतं, आणि ते मला कळलं कधी? मोडल्यावर!

आणि मी चित्र काढायला घ्यावं की नाही? नाही! मी चौथं कार्ड घुसतंय का ते बघत होते. ते बघेपर्यंत दारात ग्रंथपालबाई हजर. चाळीस मिनिटं गेली कुठे, विचारू नका.

ताईने आपलं चित्र दाखवलं. सरळ कपाटं, सरळ फळ्या. त्या तीन कार्डं वाकड्या टॅबवर काढलेलं, पण एक रेघ हललेली नाही! बाई म्हणाल्या, "नीटनेटकं आहे. आणि दुसरं?" मी उभी राहिले. हात हवेत फिरवले, "असं वळतं… मग इथे गोल… त्यात मूल बसतं…" बाई भल्या होत्या हो. म्हणाल्या, "ऐकायला सुरेख वाटतंय. पण मला हवेत दिसणार कसं?"

झालं. काम ताईला. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत. आता कारखान्यात दिवसभर बाबांचा आवाज येतो, "पुढे काय करू गं?" ताईला!

आणि तो दुरुस्तीवाला! माझ्या टॅबकडे नुसतं बघून म्हणाला, "हे नियमात नाही बसत मॅडम, हे तुम्ही केलंय." आणि ताईचा? तीन कार्डं ना! दहा मिनिटांत बदलून नवा! वाकडेपणातसुद्धा पहिला नंबर तिचा!

मला काय काम दिलंय विचारा. एकशे वीस फळ्या. प्रत्येक डोळ्याशी धरायची आणि बाक असेल तर बाजूला ठेवायची. बाबा म्हणाले, "हे तिच्याशिवाय कोणाला जमणार नाही." बोलले बरं का, ताईच्या देखत बोलले! मी जरा सुखावलेच. तर लगेच ताई शेजारी येऊन बसली. "मलाही शिकव ना, एक डोळा मिटून कसं बघतात ते." म्हटलं, चला, एक गोष्ट तरी मी हिला शिकवणार! फळी दिली हातात. "आता एक डोळा मीट."

तिने मिटला. दोन्ही मिटले.

"एकच गं!"

पुन्हा दोन्ही. पाच वेळा, दहा वेळा… तिला एक डोळा मिटताच येत नाही हो! दोन्ही गपकन बंद, आणि वर खदाखदा हसतेय! बाबा म्हणाले, "राहू दे, तिला नाही जमायचं." आणि तेही हसले.

हसा, तुम्हीही हसा. पण आमच्या ताईला रात्री आडवं झाल्या झाल्या झोप लागते, आणि आता मला कळलं का ते. तिचे दोन्ही एकदम मिटतात. माझा एक उघडाच राहतो… छताची तिसरी तुळई जरा खाली आलीय, ती बघत.